एस्टेट सेल: टीव्हीवरचा आणि घरातला

अमेरिकेत एखादं माणूस गेलं, मागे भरलेलं घर राहिलं, की घरातल्या वस्तू घरातच मांडून दोन-तीन दिवसांत विकून टाकायची पद्धत आहे. त्याला एस्टेट सेल म्हणतात. गराज सेलमध्ये आपण नको ते अंगणात मांडतो. इथे बाहेरची कंपनी येते, लोक खोल्याखोल्यांतून फिरतात आणि शेवटी घर रिकामं व्हायचं असतं. न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या माझ्या काकांच्या मृत्युपत्राचा एक्झिक्युटर, म्हणजे त्याप्रमाणे मालमत्तेची व्यवस्था लावणारा, म्हणून हे सगळं माझ्याकडे आलं. १९७० च्या दशकात इथे आलेली आपली पिढी आता ऐंशीच्या आसपास आहे, तेव्हा ही वेळ बऱ्याच जणांवर येणार. म्हणून तपशिलात लिहितो.

आधी टीव्हीचं बोलू, कारण नातेवाइकांच्या डोक्यात तेच असतं. 'अँटिक्स रोडशो' बीबीसीवर १९७९ पासून आणि इथे पीबीएसवर १९९७ पासून चालू आहे. त्यात लोक घरातल्या जुन्या वस्तू घेऊन येतात, तज्ज्ञ किमतीचा आकडा सांगतो आणि समोरच्याचे डोळे विस्फारतात. पण तो आकडा लिलावाचा अंदाज आहे, दुकानातली किंमत आहे की विम्यासाठीची, हे नीट ऐकावं लागतं. विम्याचा आकडा सगळ्यात मोठा असतो आणि त्या भावाने तुमच्याकडून कुणीही काही घेत नाही. याच कार्यक्रमात २५ डॉलरला घेतलेलं पत्ते खेळायचं एक जुनं टेबल आलं आणि १९९८ मध्ये सदबीजच्या लिलावात ते ५,४१,५०० डॉलरला गेलं. हे खरं आहे. पण याच कार्यक्रमात कलिंगड कापायला वापरलेल्या तलवारीचा जो गाजलेला प्रसंग होता, तो रचलेला निघाला, हेही खरं आहे. एचजीटीव्हीवर २०११ मध्ये आलेला 'कॅश अँड कॅरी' हा तर थेट एस्टेट सेल चालवणाऱ्या बाईंवरचाच कार्यक्रम. त्यात जुनं फर्निचर रंगवून, दुरुस्त करून विकलेलं दिसायचं. प्रत्यक्षात कंपनीला तुमच्या घराला दोन-तीन आठवडे मिळतात, त्यात रंगकामाला वेळ कुठला? जी खुर्ची मोडकी आहे ती मोडकी म्हणूनच विकली जाते.

टीव्हीवर एक वस्तू आणि एक आकडा असतो. घरात हजारभर वस्तू असतात आणि रकमेचा मोठा हिस्सा दोन ते वीस डॉलरच्या किरकोळ विक्रीतून जमतो. तो जमतो की नाही हे वस्तू किती दुर्मिळ आहेत यापेक्षा मांडणी, भाव आणि करार यांवर ठरतं.

कागदपत्रं आधी. न्यू जर्सीत मृत्यूनंतर दहा दिवस उलटल्याशिवाय मृत्युपत्र मंजूर होत नाही. मूळ मृत्युपत्र आणि मृत्यूचा प्रमाणित दाखला घेऊन मृत्युपत्रांचं काम बघणाऱ्या काउंटीच्या सरोगेट कोर्टात जायचं, तिथून एक्झिक्युटर असल्याची प्रमाणपत्रं मिळतात. लागतील त्यापेक्षा दोन-चार जास्त घ्या, बँक आणि विमा कंपनी प्रत्येकी एक ठेवून घेतात. मग एस्टेटसाठी, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेसाठी, वेगळा करक्रमांक आणि वेगळं बँक खातं. सेलचा चेक त्याच खात्याच्या नावे यायला हवा, तुमच्या नावे नाही.

घराच्या विम्याची कलमं लगेच वाचा. घर ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की बऱ्याच पॉलिसींत तोडफोडीसारखी काही नुकसानं वगळली जातात. विमा कंपनीला फोन करून पॉलिसीला रिकाम्या घरासाठीचं कलम जोडून घ्या. थंडीत हीटर ५५ फॅरनहाइटच्या खाली उतरवू नका, पाइप फुटला तर तळघरातलं सगळं गेलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: कंपनीने घर पाहीपर्यंत काहीही फेकू नका. चांगल्या मनाचे नातेवाईक येऊन आधी 'कचरा' काढतात, आणि नेमकं विकलं जाणारं तेच असतं. जुनी नाताळची सजावट, कॅसरोलची रंगीत पायरेक्स भांडी, बिडाचे तवे, गराजमधली हत्यारं, सत्तरच्या दशकातला स्टिरिओ, अर्ध्या वापरलेल्या साबणाच्या बाटल्यासुद्धा. उलट ज्याला आपण ऐवज समजतो तो पडून राहतो. आठ खुर्च्यांचं डायनिंग टेबल आणि काचेचं कपाट मिळून दीड-दोनशे डॉलर आले तर बरं म्हणायचं. सोनेरी काठाचा चिनी मातीचा सेट मायक्रोवेव्हला चालत नाही, डिशवॉशरमध्ये काठ उडतो, म्हणून तरुण गिऱ्हाईक हातही लावत नाही. पियानो फुकट दिला तरी न्यायचा खर्च घेणाऱ्याला परवडत नाही. ज्ञानकोशाच्या संचाबद्दल तर विचारूच नका.

फेकायचं नाही, पण बाजूला काढायचं बरंच असतं, आणि आपल्या घरांत जरा जास्तच. पासपोर्ट, नागरिकत्वाचे दाखले, सोशल सिक्युरिटीचे कागद तर आहेतच. त्याखेरीज एलआयसीच्या पॉलिसी, भारतातल्या शेअरची कागदी सर्टिफिकेटं, सातबारे आणि फ्लॅटच्या सोसायटीचे दाखले जुन्या पंचांगात, साड्यांच्या घडीत किंवा दिवाळी अंकात सापडतात. प्रत्येक पुस्तक हलवून बघा. तांदळाचा डबा, शिवणाचं मशिन, कोटाचे खिसे, माळ्यावरच्या बॅगांचं अस्तर, सगळं. देवघर आणि फोटो पहिल्या दिवशीच काढून घ्या. अनोळखी लोक जुने कौटुंबिक फोटो डॉलर-डॉलरला विकत घेतात हे ऐकून घरच्यांना धक्का बसतो.

दागिने सेलमध्ये ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. स्थानिक खरेदीदार सोनं मोडीच्या भावाने घेतो, आणि त्याची नजर १० आणि १४ कॅरटला सरावलेली असते. आपलं २२ कॅरट, म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध. बीआयएस या भारतातल्या मानक संस्थेचं हॉलमार्क २००० मध्ये सुरू झालं, त्यामुळे त्याआधीच्या दागिन्यांवर शिक्का नसतोच. अशा वेळी एक्स-रे यंत्रावर तपासून घ्या, नुसत्या अ‍ॅसिडवर विसंबू नका. बोरमाळेचे मणी लाखेवरचे असतात, तेव्हा अख्ख्या माळेचं वजन म्हणजे सोन्याचं वजन नव्हे. हिशेबात तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि इथला ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, यात गोंधळ होतो. एडिसन-इसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या सराफांकडे दोन-तीन ठिकाणी भाव विचारून मग निर्णय घ्यावा.

चांदीत 'स्टर्लिंग' किंवा ९२५ चा शिक्का शोधा. मेणबत्तीची स्टँडं जड लागतात, पण तळात सिमेंट किंवा डांबर भरलेलं असतं आणि वर चांदीचा पातळ पत्रा. सुऱ्यांची पातीही स्टेनलेस स्टीलची असतात. आपल्या चांदीच्या ताट-वाट्यांवर बहुधा शिक्का नसतो, त्यामुळे न तपासता टेबलावर ठेवल्या तर मुलामा म्हणून जातील.

हस्तिदंत हा वेगळाच विषय. १९७० च्या दशकात भारतातून आणलेल्या फण्या, डब्या, छोट्या मूर्ती आपल्या बऱ्याच घरांत आहेत. न्यू जर्सीत २०१४ च्या कायद्याने हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी आहे, वस्तू जुनी आहे म्हणून सूट नाही. वारसाला देता येतं, विकता येत नाही. औषधं पोलिस ठाण्यातल्या 'प्रोजेक्ट मेडिसिन ड्रॉप'च्या पेटीत टाकायची. पाऱ्याचा थर्मामीटर आणि तैलरंग काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी न्यायचे. जुने टीव्ही आणि कॉम्प्युटर २०११ पासून या राज्यात साध्या कचऱ्यात टाकता येत नाहीत.

कंपनी निवडताना किमान तिघांना घर दाखवा, आणि त्याआधी त्यांचा चालू असलेला एखादा सेल गिऱ्हाईक म्हणून बघून या. टेबलं स्वच्छ आहेत का, प्रत्येक खोलीत माणूस आहे का, प्रत्येक वस्तूला टॅग आहे का? टॅग नसेल तर भाव गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरतो. कमिशन ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असतं. पण टक्क्यापेक्षा वजावटी बघा: जाहिरात, मजुरी, कार्डाचं शुल्क, डंपस्टर (भाड्याने आणायची मोठी कचरापेटी), शेवटची सफाई. समजा विक्री १४,००० डॉलर झाली. ४० टक्के म्हणजे ५,६०० गेले. सफाईचे १,५०० आणि इतर ४०० वजा केले, तर हातात ६,५०० उरतात, म्हणजे निम्म्याहून कमी. टीव्हीवरचा एकूण आकडा हा नेहमी त्या १४,००० चा असतो.

करारात काही गोष्टी लिहूनच घ्याव्यात. ठरावीक रकमेच्या वरच्या वस्तूंची यादी आणि त्यांचा किमान भाव. कंपनीच्या माणसांनी स्वतः काही विकत घ्यायचं की नाही. सेलच्या आधी कुणा डीलरला आत सोडायचं नाही, कारण मलई आधीच निघून गेली की रांगेतल्या लोकांना ते कळतं आणि पुढच्या वेळी ते येत नाहीत. चोरी किंवा मोडतोड झाली तर जबाबदारी कुणाची. विक्रीकर कोण भरणार. उरलेल्या मालाचं काय. पैसे किती दिवसांत. आणि दायित्व विम्याचं प्रमाणपत्र, कारण अनोळखी माणूस तळघराच्या जिन्यावरून पडला तर दावा एस्टेटवर येतो. करार झाल्यावर घरच्यांनी वस्तू नेल्या तर कंपनी त्यावरही कमिशन मागू शकते, म्हणून वाटप आधी उरकून घ्या.

मग मांडणी. सहा फुटी घडीची टेबलं येतात, कपाटं पूर्ण रिकामी होतात, एकासारख्या वस्तू एकत्र येतात. भाव ठरवताना ईबेवर विक्रेते काय मागतात ते बघायचं नसतं, 'विकलं गेलेलं' हे गाळणं लावून खरोखर काय मिळालं ते बघायचं. त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घरातला भाव धरतात, कारण पुढे विकणाऱ्याला फोटो, पॅकिंग आणि पोस्टाचा खर्च असतो. फर्निचरला टॅग दोऱ्याने बांधायचा. चिकटपट्टी लावली तर जुन्या पॉलिशचा थर तिच्याबरोबर निघतो, आणि रेकॉर्डच्या कव्हरवर स्टिकर लावला की किंमतच फाटते. लहान मौल्यवान वस्तू कुलपाच्या काचेच्या पेटीत, पैसे घेण्याच्या टेबलाशेजारी. ज्या खोल्या बंद ठेवायच्या त्यांच्या दाराला कुलूप, बाथरूमसकट.

आपल्या वस्तूंचं काय होतं याचा अंदाज कंपनीला नसतो, तो आपणच द्यावा लागतो. पितळी समया, घंगाळं, हंडे चांगल्या भावात जातात, लोक त्यांत झाडं लावतात. पैठण्या आणि इतर रेशमी साड्या कापड म्हणून घेतल्या जातात, त्यातून उशांचे अभ्रे होतात. ते सहन होणार नसेल तर बाजूला काढा. हार्मोनियम आणि तबल्याची जोडी संगीत शिकवणाऱ्यांना आधी विचारा. मराठी पुस्तकांना सेलमध्ये गिऱ्हाईक नाही. जवळच्या महाराष्ट्र मंडळाला विचारा, आणि यादी पाठवा, खोके नकोत.

जाहिरात इस्टेटसेल्स डॉट नेटसारख्या साइटवर शे-दोनशे फोटोंसह लागते. हत्यारांचे, दागिन्यांच्या पेटीचे, रेकॉर्डच्या कव्हरांवरच्या नावांचे फोटो स्पष्ट असले तर नेमकी माणसं येतात. पत्ता सेलच्या जरा आधीच जाहीर करतात. गावाचा परवाना, रस्त्यावरच्या पाट्या आणि पार्किंगचे नियम नगरपालिकेत विचारून घ्यावे लागतात, गावागणिक ते वेगळे आहेत.

पहिल्या दिवशी डीलर उजाडायच्या आत येतात. दारावर क्रमांक वाटले जातात आणि घराच्या आकाराप्रमाणे वीस-पंचवीस जणांनाच एका वेळी आत सोडतात. पहिली चाळीस मिनिटं धावपळ, नंतर शांतता. पहिल्या दिवशी पूर्ण भाव, दुसऱ्या दिवशी २५ टक्के सूट, शेवटच्या दिवशी निम्मा भाव, असा सर्वसाधारण उतार असतो. घासाघीस होते, पण पहिल्या दोन तासांत कमी करायला कंपनी तयार नसते आणि ते बरोबरच आहे. बिघडतं ते इथे: टॅगांची अदलाबदल, डब्यात दुसरी वस्तू लपवणं, 'विकलं' लावलेलं फर्निचर न्यायला कुणी न येणं. म्हणून बिल दोन प्रतींत, दारात पावतीची तपासणी, आणि जड वस्तू त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उचलायची अट. घरच्यांनी त्या दिवसांत घरात थांबू नये. काकूंचा मिक्सर चार डॉलरला जाताना बघून कुणीतरी गिऱ्हाइकाशी वाद घालतोच.

सेल संपला तरी साधारण एक चतुर्थांश माल उरतो. त्यातलं धड ते गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मीकडे जातं, पण गाद्या आणि मोडकं फर्निचर ते घेत नाहीत, ते २० घनयार्डांच्या डंपस्टरमध्ये. सफाई 'झाडून साफ' इतपतच की माळ्यावरचे खिळे-फळ्यांसकट, हे करारातच असावं.

कंपनीकडून नुसता चेक घेऊ नका, वस्तूवार विक्रीची यादी मागा. न्यू जर्सीत पुतण्या 'ड' वर्गातला वारस धरला जातो आणि त्याला मिळणाऱ्या वारशावर पहिल्या ७,००,००० डॉलरपर्यंत १५ टक्के कर लागतो. त्यात घरातलं सामानही मोजलं जातं. विवरणपत्र आयटी-आर मृत्यूपासून आठ महिन्यांत भरायचं, उशीर झाला तर थकलेल्या करावर वर्षाला १० टक्के व्याज. सामानाची किंमत काय लावली आणि का, असं विचारलं गेलं तर ती यादीच पुरावा म्हणून जोडता येते.