सोंड नसलेले सोंडेवाले

तांदळाच्या डब्यातला सोंडकिडा दिसला की बहुतेक जण आधी तोंड वाकडं करतात आणि मग तांदूळ उन्हात पसरतात. किड्याकडे बघत कोणी बसत नाही. मी बसतो. घरच्यांनी आता त्यावर बोलणं सोडून दिलं आहे.

बघण्यासारखं त्यात बरंच आहे. किडा जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा. पाठीवर टोचल्यासारख्या बारीक खळ्यांच्या रांगा आणि चार फिकट तांबूस डाग, तेही भिंग धरलं तरच नीट दिसणारे. डोक्यापुढे खाली झुकलेली सोंड. हत्तीची सोंड म्हणजे नाक. याच्या बाबतीत डोकंच पुढे लांबलेलं असतं आणि तोंड असतं सोंडेच्या अगदी टोकाला, इवल्याशा जबड्यांसकट. मिशा सोंडेच्या बुडाशी फुटतात आणि मध्येच कोपरात वाकतात. नुसती फुंकर मारा, गडी पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडून राहतो. दोन मिनिटं धीर धरला तर आधी एक मिशी हलते, मग स्वारी चालायला लागते.

मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, मग उलटी फिरून त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट स्रावाचं बूच बसवते. बाहेरून दाणा धडधाकट. आत बिनपायाची पांढरी अळी दाणा पोखरत वाढते, तिथेच कोषात जाते आणि पूर्ण किडा होऊन भोक पाडून बाहेर येते. म्हणजे आपल्याला भोकं दिसतात तोवर सगळं उरकलेलं असतं. नुसत्या दाण्यावर टणक कवच बनवण्याइतका कच्चा माल मिळत नाही, म्हणून किड्याच्या शरीरात खास जिवाणू पाळलेले असतात. कवचाला लागणारी अमिनो आम्लं ते बनवून देतात. कवच तयार झालं की किडा ते जिवाणू पचवून टाकतो. कामापुरता मामा म्हणतात तो हाच.

आता शेजारचा मुगाचा डबा उघडा. त्यातला किडाही सोंडकिड्यासारखा भुंगेराच, म्हणजे टणक पंखझाकणांचा किडा, आकाराने साधारण तेवढाच, आणि सवयही तीच: अळी दाण्याच्या आत. पण हा बुटका आणि गोलसर असतो, डोकं आखूड, पंखांची झाकणं तोकडी, त्यामुळे मागचा भाग उघडाच राहतो. याच्या मादीला भोक पाडायचं कष्टाचं काम नाही. ती दाण्यावर वरूनच अंडं चिकटवते; मुगावरचे ते पांढरे ठिपके म्हणजे हीच अंडी. आत शिरायचं काम अळीने करायचं.

दोघांचं खाणं एक, राहणं एक, म्हणून हे सख्खे भाऊ असावेत असं कोणालाही वाटेल. तसं नाही. मुगातला भुंगेरा पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला आहे. बटाट्याची शेतं फस्त करणारा तो पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचा कोलोरॅडो भुंगेरा याच कुळाचा. त्यांची आणि लांब मिशांच्या लाकूडपोखऱ्यांची मिळून एक फांदी होते, आणि सोंडकिड्यांची फांदी तिच्या शेजारची. म्हणजे चुलत घराणी, आणि वाटण्या होऊनही फार काळ लोटलेला: कझाकस्तानातल्या कराताऊच्या खडकांत सोंडवाल्या भुंगेऱ्यांचे जीवाश्म मिळालेत, ते जुरासिक काळातले, 15 कोटी वर्षांहूनही जुने. पिठातला तांबडा किडा तिसऱ्याच कुळातला. आणि गहू पोखरणारा तो बारीक नळकांड्यासारखा भुंगेरा तर आणखीच लांबचा. त्याचे भाऊबंद वाळकं लाकूड नि बांबू पोखरत असतात. कोरडं बी खाऊन जगायची युक्ती वेगवेगळ्या घराण्यांना स्वतंत्रपणे सुचली, एवढाच याचा अर्थ.

मग सोंड हीच घराण्याची खूण धरायची का? बराच काळ तेच चाललं होतं. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसने 1758 मध्ये सोंडवाले बहुतेक भुंगेरे कर्क्युलियो या एकाच नावाखाली कोंबले. 1763 मध्ये तांदळातला हा किडाही त्याच नावाने नोंदला. आज त्या एका गठ्ठ्याची निरनिराळी कुळं झाली आहेत. भुंगेऱ्यांच्या आजवर नोंदलेल्या जाती चार लाखांच्या घरात आहेत, त्यांतल्या 60 हजारांहून जास्त सोंडकिड्यांच्या. सगळे पृष्ठवंशी प्राणी एकत्र केले, म्हणजे मासे, बेडूक, सरडे, पक्षी, आपण, सगळे, तर यांच्याहून फार पुढे जात नाहीत.

या फांदीच्या बुडाशी जी मंडळी उरली आहेत त्यांच्या मिशा सरळ असतात, कोपर नाही. त्यांतल्या बऱ्याच जणी पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या नर शंकूंतल्या परागांवर जगतात. फुलं अजून आलीच नव्हती तेव्हाच्या जेवणाची सवय त्यांनी सोडलेली नाही. त्यांच्यानंतर बुरशीवर जगणारे, मग पानाची सुबक सुरळी करून तिच्यात अंडं ठेवणारे, काडीसारख्या लांब अंगाचे, अशा फांद्या फुटत जातात. पुढे जुरासिकनंतरच्या क्रिटेशिअस काळात फुलझाडं आली, पसरली, आणि कोपरवाल्या मिशांचं मुख्य कुळ त्यांच्या पाठोपाठ फोफावलं. एकट्या त्या कुळात 50 हजारांच्या आसपास जाती आहेत. मूळ, खोड, कळी, फळ, बी, झाडाचा एकही भाग त्यांनी सोडलेला नाही. माझ्या मते यात खाण्यापेक्षा अंडं ठेवण्याचा वाटा मोठा. सोंड म्हणजे गिरमिट. झाडाच्या आत, जिथे ऊन नाही, वारा नाही आणि शत्रूंचा त्रास कमी, तिथे पोराची सोय करायची तर आधी भोक पाडायला हवं. टणक सालीच्या बिया पोखरणाऱ्या काही जातींत तर मादीची सोंड तिच्या अंगाइतकी, कधी त्याहूनही लांब असते. नराची मात्र आखूडच. त्याला कुठे अंडी घालायची आहेत?

आणि इथेच या वंशावळीतली मला सगळ्यात आवडणारी भानगड येते. झाडांच्या सालीखाली बोगदे खणणारे भुंगेरे आहेत: छोटे, ठेंगणे, दंडगोल आणि बिनसोंडेचे. लिनिअसने यांच्यातल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडावरच्या प्रसिद्ध जातीला चामडं नि सुकं मांस खाणाऱ्या किड्यांच्या पंगतीत बसवलं होतं. पुढच्यांनी तिथून उठवून यांचं स्वतंत्र कुळ केलं आणि ते बरीच वर्षं टिकलंही. चेहरा बघून कोणी दुसरं काय केलं असतं? पण अळ्या पाहिल्या तर सोंडकिड्यांसारख्याच, बिनपायाच्या. मिशा कोपरात वाकलेल्या, टोकाला गाठ. पुढे डीएनए तपासला, त्याचाही कौल तोच पडला. आता हे सालीचे भुंगेरे सोंडकिड्यांच्या मुख्य कुळातलंच एक उपकुळ मानले जातात. सोंड नाही, तरी घरचेच.

सोंड गेली कुठे, याचं उत्तर त्यांच्या बोगद्यात मिळतं. सोंड ही बाहेर उभं राहून आत अंडं ठेवायची सोय. यांची मादी स्वतःच अख्खी सालीत शिरते, आत लांबलचक गल्ली खणते आणि तिच्या दोन्ही अंगांना अंडी मांडत जाते. अंगभर बोगदा खणणाऱ्याला पुढे काढलेलं नाजूक नळकांडं हवंय कशाला? अडचणच. साल सोलून काढली की मधली गल्ली आणि तिच्यातून दोन्हीकडे फुटलेले अळ्यांचे फाटे अगदी स्पष्ट दिसतात. काही जाती तर लाकूड खातही नाहीत. त्या बोगद्यात बुरशी लावतात, तिची निगा राखतात आणि तिच्यावर पोरं वाढवतात. बुरशीचं बियाणं अंगातल्या खास खाचांतून बरोबर नेतात. माणूस शेतीला लागायच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे, आणि याबद्दल त्यांचं जितकं कौतुक व्हायला हवं तितकं होत नाही.

तंटे अजून मिटलेले नाहीत. मुख्य कुळातली उपकुळं किती आणि त्यांतलं कोण कोणाच्या जवळचं, यावर तज्ज्ञांच्या याद्या जुळत नाहीत. आणि नवे वारस येतच असतात. न्यू गिनीच्या रानात ट्रायगोनोप्टेरस नावाचे न उडणारे सोंडकिडे आहेत. त्यांच्यातल्या एकाच्या पायाचा सांधा चक्क नट-बोल्टसारखा आट्यांचा असल्याचं 2011 मध्ये कळलं. 2013 मध्ये याच ट्रायगोनोप्टेरसच्या 101 नव्या जाती एका झटक्यात जाहीर झाल्या. एवढ्यांना नावं आणायची कुठून? संशोधकांनी पापुआ न्यू गिनीची फोन डिरेक्टरी उघडली आणि बऱ्याच किड्यांना तिथल्या लोकांची आडनावं देऊन टाकली.