एकेचाळीस

२६ जानेवारी, रविवार, रात्री

आज ग्रामसभेत डोकी मोजली. एकेचाळीस. दोनदा मोजली, कारण पहिल्या वेळी एक आबा तंबाखू थुंकायला बाहेर गेले होते. झेंडावंदनाची पोरं चॉकलेट घेऊन पांगली की मंडपात उरतात ती एवढीच माणसं. आमच्या गावात मतदार चौदाशेच्या आसपास. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो लागतो, म्हणजे आम्हाला शंभर. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीची अट नाही. एवढी सरळ वाट कायद्यानेच दिलेली असताना रजिस्टर कशाला भरायचं? पण भरलं होतं. सह्या आणि अंगठे मिळून ११२.

रजिस्टर मी सभेनंतर मागून घेतलं. "बघा की ताई," म्हणत टेबलावर सरकवलं त्यांनी, काही खळखळ केली नाही. खुर्चीत बसून एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. त्र्याहत्तरावा अंगठा आमच्या घरचा निघाला.

२७ जानेवारी

सासूबाई अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होत्या. मी विचारलं, "माय, शनिवारी शिपाई आला होता का घरी?"

"उना ना. आंगठा मांगा, मी दिधा." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "मी काय चोरी करी का?"

वांग्याचं साल काढताना त्यांचा अंगठा दिसला. रेघांमध्ये स्टॅम्पपॅडची जांभळी शाई अजून होती. दोन दिवस झाडलोट, भाकरी, भांडी करूनही निघाली नव्हती.

भरीत चांगलं झालं होतं. जेवताना हे म्हणाले, "११२ लिही की. नावं कुठे छापतेस तू?" खरं आहे, नावं नाही छापत. पण 'सह्या आदल्या दिवशी घरोघर फिरून घेतल्या' हे वाक्य लिहिलं की पहिला सवाल येणार, तुला कसं माहीत? माहीत कसं, तर आमच्या घरी घेतली म्हणून. ते सोडून बातमी लिहिता येते. तालुक्याच्या पेपरात तर रोज तशीच येते, 'समजते', 'बोलले जाते', 'सूत्रांकडून'. आमच्याकडे सूत्र अंगणात वांगी भाजत बसलेलं असतं.

रात्री वाक्य घातलं: "यातला एक अंगठा या पत्राच्या संपादिकेच्या घरचा आहे." तीनदा काढलं आणि चौथ्यांदा ठेवलं.

३० जानेवारी, अमळनेर

प्रेसवर बसून लिहितेय. प्लेट निघायला वेळ आहे. फाइल पीडीएफ करूनच आणते आता. मागे श्रीलिपी फॉन्टमधली फाइल तशीच पेनड्राइव्हवर आणली, तर इथल्या मशीनवर 'ज्ञ' आणि 'क्ष' जागेवरून उडाले आणि ज्ञानेश्वर सप्ताहाची बातमी वाचायलाच येईना. चार पानं, सहाशे प्रती, महिन्याच्या १ आणि १५ तारखेला. वर्गणी वर्षाला शंभर. यातून पोट भरत नाही. भरतं ते झेरॉक्सच्या दुकानावर, लग्नपत्रिका आणि सातबाऱ्याच्या अर्जांवर. पेपर त्या दुकानाच्या मागच्या टेबलावर होतो.

बोरीच्या पुलावरून येताना दरवेळी साने गुरुजी आठवतात. याच गावात प्रताप हायस्कूलला शिकवताना त्यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढलं. दैनिक, रोज! पुढे १९३८ साली 'काँग्रेस' साप्ताहिक. त्यांचं हातचं लिहिलेलं काही चुकलं तर मुलं दुपारी खोलीत येऊन सांगत असतील. माझ्या चुकीला पंधरा दिवस पुढच्या अंकाची वाट बघावी लागते.

तीन वर्षांपूर्वीची ती चूक मी अजून गिळलेली नाही. गल्लीतले एक अण्णा वारले. गंधमुक्तीचा विधी मंगळवारी होता, मी बुधवार छापला. त्यांचे पुतणे सुरतला लूमवर कामाला, घरच्यांनी त्यांना अंकाचा फोटो पाठवलेला. ते दोघं बुधवारी भुसावळ गाडीने अमळनेरला उतरून, जीप करून दारात आले तेव्हा मंडपवाला दोऱ्या सोडत होता. मला कोणी शिवी दिली नाही. अण्णांच्या बायकोने फक्त अंक परत पाठवला, घडी घालून. तेव्हापासून पहिल्या पानावर डाव्या हाताला 'दुरुस्ती'ची चौकट असते. चूक ज्या पानावर झाली असेल ती असो, दुरुस्ती पहिल्यावर.

पत्रकार दिनाला तालुक्यात शाल-नारळ मिळालं होतं. भाषणात 'दर्पण' झालं, १८३२ झालं, लोकशाहीचा चौथा खांब झाला. तारीख दोनदा वाचा, असं कोणी म्हणालं नाही.

१ फेब्रुवारी

अंक वाटले. दुपारपर्यंत पाराजवळ शांतता होती, ती मला आवडली नाही. संध्याकाळी फोन आला, १५ तारखेची वाढदिवसाची जाहिरात राहू द्या, ह्या वेळी साधेपणाने करायचंय. पाव पान, रंगीत. म्हणजे छपाईचा निम्मा खर्च गेला. 'साधेपणाने' हा शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला.

सासूबाईंनी नातवाकडून बातमी वाचून घेतली. अंगठ्याचं वाक्य आलं तेव्हा म्हणाल्या, "आखो वाच." पोराने परत वाचलं. मग उठून शेळीला पाला टाकायला गेल्या. दुखावल्या की सुखावल्या, कळायला मार्ग नाही.

४ फेब्रुवारी

शिपाई दुकानात आला. नात्याने दीर लागतो, एरवी आल्याबरोबर चहा मागतो. आज आधार कार्डच्या दोन झेरॉक्स मागितल्या, सुटे पैसे काउंटरवर मोजून ठेवले. बोलला नाही. झाडायला काही नसताना मी मशीनची काच पुसत राहिले. पायरी उतरल्यावर वळला.

"वहिनी, एकेचाळीस नव्हते. त्रेचाळीस होते."

"दोनदा मोजलेत मी."

"चहा कोण देत होतं मग? मला धरलंच नाही तुम्ही. मी मतदार नाही का गावचा?"

"आणि दुसरं कोण?"

"तुम्ही," म्हणाला, आणि गेला.

रात्री मतदार यादी काढून पाहिली. वॉर्ड दोनमध्ये तोही आहे, मीही आहे. १५ तारखेला पहिल्या पानावर, डावीकडे: दुरुस्ती. गेल्या अंकात ग्रामसभेची हजेरी ४१ छापली होती, ती ४३ वाचावी.