मागं उभारलेली माणसं

आमच्या बाबांच्या हातात रिमोट असला की जुना पिक्चर पुढं सरकतच नाही. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा एक ऐतिहासिक पिक्चर आहे, ब्लॅक अँड व्हाइट, तो आम्ही अजून एकदाही शेवटपर्यंत बघितलेला नाही, कारण दरबाराचा सीन आला की बाबा पॉज करणार, उठून टीव्हीपाशी जाणार आणि काचेवर बोट टेकवून म्हणणार, ह्यो बघ, डावीकडनं तिसरा, आप्पा आजोबा. भाला धरून उभारलेले, मिशी चिकटवलेली, आणि तोंडावर भाव असा की जेवणाची सुट्टी कधी होतीय.

कोल्हापुरात असं मागं उभारलेलं कुणीतरी बऱ्याच घरांत सापडतंय. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा जुळवला तो इथंच, १९३२ ला 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलायला लागला तोही इथंच, पुढच्या वर्षी तो काढणारी प्रभात फिल्म कंपनी पुण्याला गेली (आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं हे अशी सांगायची की जणू कालच टेम्पो भरून गेली), पण भालजी आणि जयप्रभा स्टुडिओ राहिले, आणि शूटिंगला गर्दी पाहिजे म्हटलं की तालमीतली पोरं, गवंडी, रिकामटेकडे सगळे जायचे. आप्पा आजोबा तिसऱ्यातले.

ह्या सगळ्यामुळं माझी एक सवय बिघडली. मला पिक्चरात हिरो दिसतच नाही, नजर आपोआप मागं जाते. मला पिक्चरमधलं कळतं असं माझं अजिबात म्हणणं नाही, मी इंटर्व्हलला पॉपकॉर्न आणायला जाऊन पाच मिनिटं उशिरा येणारा माणूस आहे. पण मागची माणसं नीट असली की पिक्चर नीट असतो, एवढं माझं ठाम मत झालंय.

'शोले' घ्या. वीरू टाकीवर चढून बोंबलतोय ते सगळ्यांना पाठ आहे, मला मात्र खाली उभारलेला तो गावकरी आवडतो जो शेजारच्याला विचारतो की हे सुसाइड म्हणजे काय असतंय. गाव तिथं गाव वाटतं. ॲटनबरोंच्या 'गांधी'त अंत्ययात्रेला ३ लाखाच्या आसपास माणसं खरीखुरी गोळा केलेली, पडद्यावर सगळं मिळून दोनेक मिनिटं. आमचा मित्र म्हणतो, मर्दा, एवढ्यांना चहा कुणी पाजला असंल?

'पिंजरा' १९७२ चा. सगळे संध्याबाईंच्या नाचाचं आणि खेबुडकरांच्या गाण्यांचं कौतुक करतात, करावंच, पण मला गलबलतं ते मास्तरच्या हातात तुणतुणं येतं तेव्हा. गावानं ज्याला देवासारखं मानलं तो डॉ. लागूंचा मास्तर नाचणारणीच्या मागं जाऊन उभारतो. मागं उभारणं ही एवढी मोठी शिक्षा असू शकते हे मला त्या पिक्चरनं दाखवलं. नाहीतर आप्पा आजोबा तर हौसेनं उभारलेले.

नव्यातलं म्हणाल तर 'फँड्री'. डुकराच्या मागं पळणारं ते घर आणि कडेला बसून हसणारं गाव. मी थेटरात हसायला लागलो होतो आधी, नंतर लक्षात आलं की आपण कुठल्या बाजूला बसलोय, आणि गप झालो. 'सैराट'मध्ये तर मला आर्ची-परश्यापेक्षा लंगड्याच जास्त लक्षात राहिला, त्याचं प्रेम बिचाऱ्याचं मधेच कुठंतरी राहून गेलं. 'कोर्ट' बघताना बायको घोरत होती, मी बाकावर ताटकळणाऱ्या माणसांकडं बघत बसलो, अगदी तसंच बसलोय मी जमिनीच्या केसला.

वैताग येतो तो हल्लीच्या ऐतिहासिक पिक्चरांचा. फौज हजारोंची पण सगळी कॉम्प्युटरवर छापलेली, एकाच्याही मिशीला खाज सुटलेली नाही. पॉज करून बोट कुणावर ठेवायचं?

बाकी 'अशी ही बनवाबनवी'पुढं माझा नियम गंडतो. तिथं मागं बघायला सवडच मिळत नाही, सगळे पुढंच. सोडून द्या.

तर गेल्या रविवारी काकू आलेल्या, आप्पा आजोबांची सून. त्यांनी सांगितलं की मामंजी त्या दिवशी हातातलं घड्याळ काढायला विसरलेले, मावळ्याच्या मनगटावर घड्याळ बघून शिव्या बसल्या, म्हणून सबंध सीनभर डावा हात पाठीमागं धरून उभारले. बाबांनी लगेच पॉज केलं. डावीकडनं तिसऱ्याचे दोन्ही हात भाल्यावर. आम्ही सगळे टीव्हीला नाक लावून बघतोय, तर एक हात मागं घेतलेले दोघंजण निघाले, एक खांबाजवळ आणि एक पार टोकाला. बाबा म्हणतात खांबाजवळचे, काकू म्हणतात टोकाचे, चहा गार झाला तरी मिटेना.

माझी लेक म्हणाली, मग दुसऱ्याच्या हातात पण घड्याळच असंल की.