रोजमेळाचे पान आणि रोजमेळाची वही

अमळनेरच्या आमच्या जुन्या घरात सापडलेले कापूस व्यापाराचे रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, स्कॅन करताना मी प्रत्येक पानाची स्वतंत्र नोंद केली, ही माझी पहिली चूक. मालकाचे नाव, गाव, भाषा हा मजकूर शेकडो वेळा लिहिला गेला आणि नावातील एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा तर तो सगळीकडे सुधारावा लागला.

आता संपूर्ण वही हीच मुख्य नोंद आहे. पानांना केवळ क्रमांक आहेत, तेही ००१, ००२ असे, कारण एरवी संगणक पुष्कळदा १ नंतर थेट १० लावतो. वहीत खोचलेली पत्रे मात्र निराळी. त्यांना स्वतःचा लेखक, तारीख व गाव असल्यामुळे त्यांची नोंद स्वतंत्र केली आणि डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाणित आराखड्यातल्या १५ घटकांपैकी ‘संबंध’ या घटकात वहीचा क्रमांक दिला. पत्र कोणत्या दोन पानांमध्ये होते, हेही लिहितो. पत्रात उल्लेखलेल्या गाठींचा हिशेब पुष्कळदा तिथेच सापडतो.

खरा घोळ तारखांचा. वहीवरचे विक्रम संवत १९८३ हे कार्तिकी (कार्तिकापासून सुरू होणारे) वर्ष १९२६ च्या दिवाळीपासून १९२७ च्या दिवाळीपर्यंतचे, त्यामुळे एकच इसवी सन लिहिणे चुकीचे ठरते. म्हणून मूळ संवत जसाच्या तसा ठेवून शेजारच्या रकान्यात १९२६-२७ लिहितो. पुठ्ठा नसलेल्या दोन वह्या अजून बाजूला आहेत. त्यांचे संवत आतल्या तिथ्यांवरून जुळवावे लागतील.