ठिपका नसलेला नकाशा

शुक्रवार, रात्री उशिरा

मी एकटा बनवतोय त्या जहाज हाकण्याच्या संगणक-खेळातला सोळा मैलांचा घोळ आज सापडला. उत्तर अटलांटिकातल्या चाचणीच्या सफरीत दुपारी सूर्याचा वेध घेतला की अक्षांश दर वेळी सोळा कला जास्त यायचा. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. खेळाडूने सगळं नीट केलं तरी कागदावर त्याचं जहाज सोळा मैल उत्तरेला! दोन आठवडे मी सूर्याच्या स्थानाची सूत्रं तपासली, खेळातलं घड्याळ तपासलं, वक्रीभवनाचा, म्हणजे हवेत प्रकाश वाकण्याचा, कोड पुन्हा लिहिला. आज सेक्स्टंटचा, म्हणजे क्षितिजापासून सूर्याचा कोन मोजायच्या उपकरणाचा, दांडा हळूहळू सरकवत सूर्य खाली आणला, त्याची खालची कड क्षितिजाला टेकवली आणि ते टेकलेलं बिंब बघतानाच लक्षात आलं. कोन मोजतोय कडेचा, गणितात धरतोय मध्य. बिंबाची त्रिज्या साधारण सोळा कला. एक ओळ वाढवली आणि जहाज जागेवर आलं.

जोडीला कुणी असतं तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "कड धरतोस की मध्य?" एकट्याने काम करताना हेच जड जातं. कष्टांचं काही नाही, पण आपली चूक बघायला दुसरे डोळे नसतात.

डोलकाठी थरथरायची तेव्हाही असंच झालं होतं. पृथ्वीच्या केंद्रापासून अंतरं मोजली की ३२ बिटांच्या दशांश संख्येत अर्ध्या मीटरपेक्षा बारीक फरक मावतच नाही, म्हणून ती उड्या मारायची. शेवटी जहाज शून्यावर स्थिर ठेवलं आणि समुद्रच त्याच्याभोवती सरकवला.

पण खरा प्रश्न कोडचा नाही. चाचणी करणाऱ्या बहुतेकांचं एकच मागणं असतं: नकाशावर मी कुठे आहे ते दाखव. एक ठिपका काढायला मला दहा मिनिटं लागतील. तो मी काढणार नाही, आणि या निर्णयाने खेळाडू कमी होतात हे मला दिसतंय. त्याचं वाईटही वाटतं.

डिसेंबर १८३७ मध्ये कॅप्टन थॉमस समनर आयर्लंड आणि वेल्सच्या मधल्या समुद्रात होता. किनारा जवळ, वारा जोराचा, आभाळ गच्च. ढगांतून क्षणभर सूर्य दिसला तेवढ्यात त्याने एक वेध घेतला. अक्षांशाची खात्री नव्हती, म्हणून तीन वेगवेगळे अक्षांश धरून गणित केलं. तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत आले आणि ती रेषा वेल्सजवळच्या स्मॉल्स खडकांवरच्या दीपस्तंभावरून जात होती. आपण नेमके कुठे आहोत हे माहीत नसतानाही त्याने त्या रेषेच्या दिशेने जहाज हाकलं, आणि दीपस्तंभ दिसला. मला खेळाडूच्या हाती नेमकं हे द्यायचंय. ठिपका आला की हे सगळं संपतं.

म्हणून ठिपक्याऐवजी पेन्सिल दिली. परवा एकीने तिच्या नकाशाचं चित्र पाठवलं. खाडाखोड, तीन वेधांच्या तीन रेघा, त्या एकमेकींना छेदतात तिथे एक छोटा त्रिकोण, त्याच्या शेजारी तिने लिहिलेली वेळ. खाली एवढंच: "दिवा दिसला. समोरच!"

तिला चुकलेली रेघ पुसता येत नव्हती. उद्या आधी खोडरबर करायला घेतो.