लॅब नोंदी: चॅलेंज अ‍ॅक, आणि बाहेरून सापडलेला कर्नेलचा सेकंद

या खेपेची प्रगती मोठी आहे. सर्व्हरच्या कर्नेलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) सेकंद नेमका कुठे सुरू होतो, हे हल्लेखोराच्या यंत्राला आता बाहेरूनच कळतं. सीव्हीई-२०१६-५६९६ (लिनक्सच्या टीसीपीमधली जुनी सुरक्षा-त्रुटी) घरच्या बंदिस्त नेटवर्कवर उभी करायला घेतली तेव्हापासून याच पायरीची वाट पाहत होतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मागचं थोडक्यात. चालू टीसीपी जोडणीत (नेटवर्कवरच्या दोन यंत्रांमधल्या संवादात) तिऱ्हाइताने खोटं पॅकेट घुसवू नये म्हणून २०१० च्या आरएफसी ५९६१ या इंटरनेट मानकाने चॅलेंज अ‍ॅक (अ‍ॅक म्हणजे पोच देणारं पॅकेट) आणला. संशयास्पद पॅकेट दिसलं की कर्नेल जोडणी न तोडता खऱ्या टोकाकडे अ‍ॅक पाठवून खात्री करून घेतं. हे अ‍ॅक भरमसाट सुटू नयेत म्हणून मर्यादाही सुचवलेली होती. लिनक्स ३.६ मध्ये, २०१२ साली, ती आली: सेकंदाला १००, आणि सगळ्या जोडण्यांची मिळून एकच मोजणी. कुंपणानेच शेत खाल्लं ते इथे. मोजणी सामायिक असल्यामुळे दुसऱ्याच्या जोडणीवर काय घडलं ते आपल्या वाट्याच्या अ‍ॅकांतून कळतं. रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या युए काओ, झियुन चियान आणि सहकाऱ्यांनी २०१६ च्या युझनिक्स सिक्युरिटी परिषदेत हे मांडलं.

सर्व्हरवर उबुंटू १४.०४ चं, सुधारणा न लावलेलं ३.१३ कर्नेल ठेवलंय. जुनं मुद्दाम घेतलं: ४.० पासून रिकाम्या पॅकेटांसाठी प्रत्येक सॉकेटला अर्ध्या सेकंदाची वेगळी मर्यादा आहे, ती आकडे गढूळ करते. पॅकेटं पाठवणारा भाग स्केपीऐवजी (पॅकेटं घडवणारं पायथनचं साधन) सी मध्ये रॉ सॉकेटवर, म्हणजे पॅकेट हाताने घडवता येईल अशा सोयीवर, लिहिला, कारण पॅकेटांमधलं अंतर एकसारखं राहणं इथे सगळ्यात महत्त्वाचं.

आता तो सेकंद. कर्नेल जिफीजना (टिकांच्या मोजणीला) एचझेडने (सेकंदातल्या टिकांच्या संख्येने) भागून सेकंद ठरवतं, म्हणजे मशीन सुरू झाल्यापासूनच्या टिकांवर. भिंतीवरच्या घड्याळाशी त्याचा संबंध नाही, म्हणून एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) इथे निरुपयोगी. मग आपल्याच वैध जोडणीवर, विंडोत (सर्व्हर त्या क्षणी स्वीकारेल त्या क्रमांकांच्या पट्ट्यात) बसणारी पण अचूक क्रमांक नसलेली २०० आरएसटी (जोडणी तोडणारी) पॅकेटं दर ५ मिलिसेकंदांना एक अशी सोडायची. सगळी एकाच सेकंदात पडली तर बरोबर १०० अ‍ॅक येतात. मध्ये सेकंद बदलला तर जास्त येतात, आणि किती जास्त यावरून सरकायचं किती ते निघतं. १२० आले तर हद्द एका टोकापासून १०० मिलिसेकंदांवर. कुठल्या टोकापासून? ते एका आकड्यातून कळत नाही. थोडं सरकून पुन्हा २०० सोडायची. आकडा चढला तर दिशा उलटी. ही युक्ती मला अख्ख्या शोधनिबंधात सगळ्यात सुंदर वाटते, आणि पडद्यावर आकडा उतरत उतरत १०० वर स्थिरावताना पाहणं हा या छंदातला खरा आनंद आहे.

सेकंद जुळल्यावर पोर्ट ओळखणं सोपं झालं. ग्राहकाच्या (सर्व्हरशी जोडलेल्या दुसऱ्या यंत्राच्या) पत्त्यावरून, अंदाजाच्या पोर्टचं (जोडणी ओळखणाऱ्या क्रमांकाचं) खोटं सिन-अ‍ॅक (जोडणी सुरू करताना वापरलं जाणारं पॅकेट) पाठवायचं आणि त्याच सेकंदात आपल्या जोडणीवर १०० आरएसटी. ९९ अ‍ॅक आले तर ती जोडणी जिवंत आहे. एक अ‍ॅक तिकडे खर्च झाला.

सीक्वेन्स क्रमांकाचा (पाठवलेल्या बाइट्सच्या क्रमाचा) शोध अर्ध्यावर आहे. एकूण ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक, पण विंडो ६५,५३६ ची धरली तर तपासायचे गट तेवढेच ६५,५३६ उरतात. एका सेकंदात अनेक गटांना खोटे आरएसटी पाठवायचे, अ‍ॅक कमी पडले की तो घोळका अर्धा-अर्धा करत जायचं. आभासी यंत्रांमुळे वेळ थोडी डगमगते, म्हणून सर्व्हरचा आभासी सीपीयू एका कोअरला बांधणार आहे. त्यानंतर अ‍ॅक क्रमांक (कुठपर्यंतचा डेटा मिळाला हे सांगणारा).

दुरुस्ती केलेलं कर्नेलही शेजारी चालवून पाहायचंय. लिनक्स ४.७ मध्ये एरिक ड्युमाझे यांच्या बदलाने मर्यादा १००० झाली आणि दर सेकंदाला ५०० ते १४९९ मधली कुठलीही यादृच्छिक संख्या तिच्या जागी येऊ लागली. ९९ आणि १०० मधला फरकच त्यात बुडतो. मला मात्र २०२२ चा बदल जास्त पटतो: सामायिक मर्यादा मुळात बंदच, आणि हवी असल्यास प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसची (कर्नेलमधल्या नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्याची) वेगळी. गोंगाट घालण्यापेक्षा सामायिक मोजणीच काढणं बरं. २०२० च्या सॅड डीएनएसमध्ये (डीएनएसवरच्या हल्ल्यात) आयसीएमपीच्या (नेटवर्कच्या त्रुटी-संदेशांच्या) सामायिक मर्यादेने याच तऱ्हेने पोर्ट उघडे पाडले होते. अ‍ॅक क्रमांकाचं काम संपलं की तीच पुढची उभारणी. कुणी आधीच केली असेल तर ५.१० च्या आधीचं कुठलं कर्नेल वापरलंत ते जरूर कळवा.