आजोबांचा तारपा संग्रहालयात देताना

आजोबा पन्नासच्या दशकात जव्हारकडे शाळामास्तर होते. तिथून आणलेला तारपा, म्हणजे वारली आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, पुण्याच्या घरी माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळून पडला होता. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा तो खाली काढला. सुक्या दुधी भोपळ्याचं फुगीर पोट, बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, आणि जोडांना मेण. धोतराच्या घडीत पिठासारखी पूड सांडली होती.

संग्रहालयाला देऊन टाकू म्हटलं. एक पिशवी, एक सही, काम झालं. लागले पाच महिने.

पहिला घोळ माझाच. देण्याची वस्तू चकचकीत असावी म्हणून ओल्या फडक्याने पुसला आणि वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला. संग्रहालयाच्या अभिरक्षक (क्युरेटर) बाईंनी नुसता वास घेतला आणि विचारलं, "पुसलात का हो?" नळीवर भोकांभोवती जो काळपटपणा होता तो वाजवणाऱ्याच्या बोटांचा. मी तो मळ समजून घालवला होता.

मग पूड. ती पोखरकिड्याची, म्हणजे बाकीच्या वस्तूंजवळ तारपा न्यायचाच नाही. लाकडी वस्तू बरेचदा फ्रीझरमध्ये ठेवून कीड मारतात, पण याच्या जोडांत मेण, ते थंडीने तडकायचं. म्हणून हवाबंद पिशवीत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या टाकून तीन आठवडे वेगळ्या खोलीत. आधी कधी डीडीटी वगैरे मारलं होतं का, हेही विचारलं. पूर्वी संग्रहालयंसुद्धा वस्तूंवर आर्सेनिक लावायची, त्यामुळे आता अशा जुन्या वस्तूंना शक्यतो हातमोजे घालूनच हात लावतात. आमच्याकडे फक्त डांबरगोळ्या होत्या.

खरी अडचण फॉर्मची. वस्तू कुठली? मी लिहिलं, जिल्हा पालघर. पण तो जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आजोबांच्या वेळी ठाणे. दोन्ही लिहायला लावलं, उद्या कुणी जुने कागद घेऊन शोधायला आलं तर सापडलं पाहिजे. पुढे: कशी मिळाली, कोणाकडून, पुरावा काय? भेट मिळाली असं आम्ही घरात कायम ऐकलेलं. आजोबांची रोजनिशी चाळली तर एक ओळ निघाली: "तारपा, ३ रुपये." भेट वगैरे काही नाही. त्याच पानावर सायकल कुणाला उसनी दिली त्याचं नाव आहे. तारपा कुणी बनवला त्याचं नाही.

बाई म्हणाल्या, जमलं तर गावात विचारून या. फोटो घेऊन गेलो. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या तारपेवाल्यांनी मोबाइल जवळ-लांब करून फोटो पाहिला. बनवणारा कोण ते त्यांना सांगता येईना. त्यांनी एकच विचारलं, "वाजतो का?"

फॉर्ममध्ये लांबी, वजन, तडे, कीड सगळ्याला रकाना होता. वाजतो का, याला नव्हता. वाजवून बघायची सोयही नव्हती. फुंकरीतला ओलावा आणि जुनं मेण, बाई तयार होईनात. त्यांचं खरं असेल, पण पाड्यावर परत जाऊन हे सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं. म्हातारबाबा हसले आणि त्यांनी आपला तारपा काढला. ते वाजवणं मोबाइलवर घेतलं, त्यांच्या परवानगीने. आता तारपाच्या फाइलला ते जोडलेलं आहे, वाजवणाऱ्याच्या नावासकट.

समितीची मंजुरी, दानपत्रावर आम्हा तिन्ही भावंडांच्या सह्या, त्यात एक भाऊ दुबईला. ते सगळं रटाळच होतं. शेवटच्या दिवशी मात्र बाईंनी नोंद कशी घालतात ते दाखवलं. आधी पारदर्शक लेपाचा नखाएवढा पट्टा, तो वाळला की त्यावर बारीक शाईने क्रमांक. उद्या काढायचा झाला तर लेपासकट निघतो, बांबूला डाग नाही.

नोंदवहीत "निर्माता" समोर त्यांनी "अज्ञात" लिहायला घेतलं होतं. मी थांबवलं. थोडी चर्चा झाली. आता तिथे आहे: "वारली कारागीर. विकत घेताना नाव विचारले गेले नाही."